तळपायाचं कुरूप की चामखीळ? आपापले अनुभव सांगा

लातूरची_ताई
भाचा होस्टेलवरून आला तो लंगडतच. चवड्याखाली कडक गाठ. घरात सगळ्यांचा एकच निकाल, कुरूप. आई लगेच बिब्बा शोधायला उठली आन् मला माझं लहानपण आठवलं. आजोबांनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं की तळपायावर टेकवला. असा उतला की घोट्यापर्यंत फोड. फोड बसले, गाठ तिथंच. वर शेजारी बारक्या बारक्या अजून उगवल्या. ती चामखीळ होती, हे लई उशिरा कळलं.

भाच्याला सरळ स्किनवाल्याकडं नेलं. त्यांनी वरची मेलेली कातडी ब्लेडनं हलक्या हातानं काढली, खाली काळे ठिपके. रक्त गोठलेल्या बारीक नसा असतात म्हणे त्या. तळपायावरच्या रेघा घट्ट्यावरून तशाच पुढं जातात, चामखिळीपाशी मात्र तुटतात. भाच्याच्या पायावर स्पष्ट दिसलं. तुमच्याकडं काय काय झालं, लिहा.

परभणीकर
दाबून बघायचं. कुरूप वरून दाबलं की जीव जातो. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. मी दोन्हीला ओरडलो, डॉक्टर हसायलेत. बाकी नंतर, मळणीयंत्र आलंय.

माळावरचा
@परभणीकर सोयाबीनला उतार कसाय तुमच्याकडं?

परभणीकर
विचारू नका भाऊ.

बीडची_सून
सासूबाईंना शुगर, पाय बधिर. कुणाला न सांगता मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, कुरपासंगं चांगली कातडी पण खातं. त्यांना दुखलंच नाही. चादरीला डाग दिसला तवा कळलं. शुगरवाल्यांनी ब्लेड, ॲसिड, बिब्बा, घरी काहीच करू नये. पाय डॉक्टरलाच दाखवा.

लातूरची_ताई
बाई गं. आता कशायत?

बीडची_सून
बऱ्यायत. भांडायलेत पहिल्यासारख्या.

पायी_तुळजापूर
कोजागिरीला पायी जाणाऱ्यांचे चवडे बघा, सगळे घट्टे. पसरट, पिवळट, ठिपका नाही काही नाही, दुखत बी नाहीत. कोमट पाण्यात पाय बुडवून वजरीनं घासायचं, खोबरेल लावायचं. जिथं चप्पल घासते तिथंच येतात, चप्पल बदलली की कमी होतात.

माळावरचा
मग चामखीळ कशानं येते?

नांदेडची_नर्स
विषाणूनं. एचपीव्ही. ओली फरशी, सगळ्यांचं एकच बाथरूम, एकाची चप्पल दुसऱ्यानं घालणं, बारीक चिरेतून शिरतो. होस्टेल वाचलं तिथंच मला शंका आली. ताई, भाच्याचा टॉवेल वेगळा ठेवा, त्याला खाजवू-कुरतडू देऊ नका.

हिंगोलीवाला
माझं ना कुरूप ना चामखीळ. बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता, त्याच्यावर कातडी जाड झाली. काळा ठिपका एकच. बायको अजून तो काटा काड्यापेटीत ठेवून पाहुण्यांना दाखवते.

माळावरचा
😂😂 वहिनींना नमस्कार

उदगीरकर
मी गारठवून घेतली. लिक्विड नायट्रोजन, उणे १९६ अंश. थंड म्हणून गेलो, चटका बसल्यासारखं झालं. फोड आला, महिनाभरानं पुन्हा तेच. गेली पण.

दोन_लेकरांची_आई
आमच्या पोराची काहीच न करता गेली. लहान लेकरांची बऱ्याचदा एक-दोन वर्षांत आपोआप जाते, असं डॉक्टर आधीच म्हणले होते. सासरे म्हणतेत देवाला मीठ वाहिलं म्हणून गेली. घरात ह्याच्यावर अजून मिटलं नाही.

बीडची_सून
@पायी_तुळजापूर दादा, ती जुनी वजरी कुठं मिळते हो? इथं सगळी प्लास्टिकची.

पायी_तुळजापूर
यंदा जायलोय, दिसली तर आणतो. किती?

बीडची_सून
दोन आणा. एक जाऊबाईला, नाहीतर माझीच उचलून नेईल.