मॅथुरिन, कुमिंगा आणि बेंचवरची मिनिटं

(कुटुंबाचा ग्रुप, सोमवार, २३ जून २०२५)

मामा, नागपूर (८:१०)
संपली एनबीए बास्केटबॉलची फायनल. ओक्लाहोमा १०३, इंडियाना ९१. इंडियानाचा हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये पडला तेव्हा पोटात गोळा आला. जमिनीवर हात आपटत होता पोरगा. फायनलची सातवी मॅच आणि हे नशीब.

ताई, पुणे (८:१४)
अकिलीस, टाचेमागची शीर तुटली म्हणतायत. वर्ष जाईल बिचाऱ्याचं. आम्ही दोघी साडेपाचपासून बसलो होतो, छोटी रडलीच.

बंटी, फ्रीमॉन्ट (८:२१)
इथेही सगळे गप्प झाले होते. पण त्यांचा मॅथुरिन बघितलात? बेंचवरून येऊन २४ पॉइंट, १३ रिबाउंड. गुरुवारी २३ वर्षांचा झाला. मामा, आता तरी म्हणा, की तरुण पोरांना प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, मोठं काम द्यायला हवं.

मामा, नागपूर (८:३३)
सरसकट नाही म्हणणार. याच मॅथुरिनने तिसऱ्या मॅचला २२ मिनिटांत २७ काढले, सगळ्यांनी डोक्यावर घेतला. पुढच्याच मॅचला शेवटच्या मिनिटात फ्री थ्रो चुकवले, वर फाउल केले. १११-१०४ ने गेली ती मॅच. जिंकले असते तर मालिकेत ३-१ झालं असतं, मग आज सातवी मॅच खेळायचीच वेळ आली नसती.
साखळीत ८२ मॅच असतात, एखादी चूक खपून जाते. प्लेऑफला त्याच संघाशी सात-सात वेळा गाठ. समोरचा कोच दोन मॅचमध्ये तुमचा कच्चा डिफेंडर हुडकून काढतो. मग स्क्रीन लावून लावून, म्हणजे वाटेत आपला खेळाडू आडवा उभा करून, दर वेळी त्यालाच आपल्या सर्वांत चांगल्या खेळाडूसमोर आणतो. वीस वर्षांच्या पोराला तिथे पळायला जागा नसते. म्हणून आलटून-पालटून उतरणाऱ्या दहा जणांचं रोटेशन आठवर येतं. त्यात कोचचा दुष्टपणा नसतो.

बंटी, फ्रीमॉन्ट (८:४२)
मान्य. पण चौथ्या मॅचनंतर इंडियानाचा कोच कार्लाइल याने काय केलं ते बघा ना. त्याला घरी बसवलं नाही. पाचव्याला, सहाव्याला खेळवला. म्हणून आज हॅलिबर्टन गेल्यावर तो तयार होता.
आमच्याकडे, गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये, नेमकं उलटं. कुमिंगा २०२२ मध्ये १९ वर्षांचा असताना मेम्फिसविरुद्ध पहिल्या पाचात उतरला होता, आणि आपण ती मॅच १४२-११२ ने जिंकली. यंदा मेम्फिसविरुद्धच्याच प्ले-इनला, म्हणजे प्लेऑफमध्ये शिरायच्या मॅचला, एक मिनिट नाही. मग मिनेसोटाविरुद्ध आपल्या करीचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला आणि एकदम म्हणे, ये रे बाबा, तू वाचव. तिसऱ्या मॅचला पोराने ३० काढले. आपण ९७-१०२ हरलो. मला अजून वाईट वाटतं. हे ३० काही एका रात्रीत अंगात आले नव्हते.

मामा, नागपूर (८:५१)
कुमिंगाचं दुखणं वेगळं आहे. बटलर, ग्रीन आणि तो एकत्र उतरले की तिघांच्याही बाहेरच्या शॉटची कोणाला धास्ती नाही. डिफेन्स आत गर्दी करून उभा राहतो आणि करीचीच वाट बंद होते. तुमचा कोच स्टीव्ह कर् उगाच बसवत नव्हता त्याला.

छोटी (८:५८)
मामाआजोबा, मी बोलू का?
जानेवारीत आमची सेमीफायनल होती. तीन क्वार्टर मी बेंचवर. मग आमच्या दोघी पाच फाउल होऊन बाहेर गेल्या आणि चार मिनिटं उरलेली असताना मला पाठवलं. अंग थंड पडलं होतं. पहिलाच पास समोरच्या मुलीच्या हातात. नंतर सर सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणूनच तुला उतरवत नाही.
मला जास्त मिनिटं नको होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तीनच मिनिटं दिली असती तरी चाललं असतं. फक्त आधी माहीत हवं होतं की कधी जायचंय आणि कोणाला धरायचंय, म्हणजे समोरच्या कोणत्या मुलीला अडवायचंय.

ताई, पुणे (९:०१)
हे मला आत्ता कळतंय. त्या दिवशी घरी येऊन एक शब्द बोलली नव्हती.

मामा, नागपूर (९:१६)
छोटे, दोनदा वाचलं. बरोबर आहे तुझं, आणि बंटीपेक्षा नेमकं आहे.
ओक्लाहोमाकडे बघ. १९७७ नंतरचा सर्वांत तरुण विजेता संघ. अ‍ॅरन विगिन्सने दुसऱ्या मॅचला बेंचवरून १८ काढले. दर मॅचला त्याला सारखी मिनिटं मिळत नाहीत. पण उतरल्यावर काय करायचं ते ठाऊक असतं, कारण हंगामभर तेच करून घेतलेलं असतं. केसन वॉलेस २१ वर्षांचा आहे, त्याचं पहिलं काम समोरच्या गार्डला चिकटून राहणं. पॉइंट आले तर आले.
काम लहान असलं तरी चालेल, पण आधी ठरलेलं हवं. चूक झाली तरी पुढच्या मॅचला पुन्हा पाठवायला हवं. मीही पोरांना शिकवताना हे नेहमी केलं नाही. दोन-तीन चेहरे आत्ता डोळ्यांसमोर आले.

बंटी, फ्रीमॉन्ट (९:१९)
मामा, मी वेगळं काय म्हणत होतो?

मामा, नागपूर (९:२२)
तू मोठं काम मागत होतास. ती ठरलेलं काम मागते आहे.

छोटी (९:२५)
पण सर सांगतच नसतील तर बेंचवर काय करायचं?

मामा, नागपूर (९:३४)
बसल्या जागी त्यांच्या एका मुलीवर नजर ठेव. ड्रिबल उजवीकडेच घेते का, दमली की हात खाली पडतात का, ते बघ. क्वार्टर संपला की उठून पळ, अंग गरम ठेव. आणि मॅचच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचार, ‘सर, मला पाठवलंत तर कोणाला धरू?’ रविवारी मी पुण्यात आहे. सकाळी सहाला कोर्टवर भेटू, पाऊस असला तर पार्किंगमध्ये.