दिवाळीच्या सुट्टीत मुलांना रत्नागिरीचा काळोखा भूतकाळ दाखवायचा आहे, कुठून सुरुवात करावी?

प्रश्न (रत्नागिरीहून)

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची भाचरे आमच्याकडे येतात. आता ती बारा ते सोळा वर्षांची झाली आहेत, त्यामुळे समुद्र, आंबोळ्या आणि पत्ते एवढ्यावर त्यांचे भागत नाही. परदेशांतील जुन्या शहरांत शरद ऋतूतल्या संध्याकाळी कंदील घेऊन लोकांना गल्लीबोळांतून फिरवतात आणि तिथे घडलेल्या भीषण घटना सांगतात, असे व्हिडिओ त्यांनी पाहिले आहेत. तेव्हापासून "आत्या, आपल्या रत्नागिरीत असे काही नाही का?" हा एकच धोशा त्यांनी लावला आहे.

मनात तीन ठिकाणे आहेत: थिबा राजवाडा, रत्नदुर्ग आणि मनोरुग्णालयाच्या बाजूचा जुना रस्ता. हडळ, खवीस, मुंजा यांच्या गोष्टी आमच्या आजीकडून भरपूर ऐकलेल्या आहेत, पण त्या या जागांना चिकटवाव्यात की नाही, याबद्दल माझे मन कचरते. जाणकारांनी क्रम आणि वेळ सुचवावी.

उत्तर १ (इतिहासाचा निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

ताई, थिबा राजाच्या कहाणीला खवीस जोडण्याची मुळीच गरज नाही. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी २९ नोव्हेंबर १८८५ रोजी मंडालेहून हलवले, काही महिने मद्रासला ठेवले आणि १८८६ मध्ये राण्या व मुलींसह आपल्या गावी आणून सोडले. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याआधी १८५८ मध्ये दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला याच इंग्रजांनी रंगूनला धाडले होते. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात, हा हिशेब मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवा.

काळोखी बाजूही लपवू नका. थिबा गादीवर आल्यावर, १८७९ मध्ये, राज्यावर हक्क सांगू शकतील अशा राजघराण्यातील ऐंशीच्या आसपास आप्तांची मंडालेच्या राजवाड्यात कत्तल झाली. तोच राजा पुढे तीस वर्षे एका परक्या किनाऱ्यावर नजरकैदेत राहिला. आज आपण पाहतो तो वाडा १९१० मध्ये पुरा झाला, म्हणजे राजाला तो जेमतेम सहा वर्षे लाभला. डिसेंबर १९१६ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, तो इथेच वारला.

यापुढचा भाग मला सर्वांत जड वाटतो. राणी सुपयालत हिला पतीचा देह मायदेशी न्यायचा होता आणि सरकार परवानगी देत नव्हते, म्हणून शवपेटी दोन वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. अखेर १९१९ मध्ये राजाला आणि त्याच्या आधी वारलेल्या धाकट्या राणीला शिवाजीनगर भागात चिरविश्रांती मिळाली. त्याच वर्षी सुपयालत रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र वाड्यावरच्या एका मराठी नोकराच्या प्रेमात पडली होती. ती रंगूनला जाऊन पुन्हा रत्नागिरीस आली आणि तिची मुलगी मराठी बोलत, गरिबीत, आपल्यातलीच एक म्हणून इथे जगली.

वाड्यातले संग्रहालय संध्याकाळ होण्यापूर्वी बंद होते, म्हणून प्रथम तेच पाहावे. तिथून थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याच्या खाडीकडे तोंड करून मुलांना बसवा, राजीवड्याच्या होड्या दिसू द्या आणि काळोख पडू लागला की कहाणी सुरू करा. समाधीवर शेवटी जावे. आजूबाजूला घरे असलेली ती लहानशी दगडी वास्तू आहे, त्यामुळे तिथे आवाज चढवू नये.

उत्तर २ (भटकंती करणारा, चिपळूण)

सरांनी सांगितलेल्या क्रमाला माझी पूर्ण संमती आहे, फक्त रत्नदुर्गाबद्दल सावध करतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एका गडावर आम्ही सहा जण अंधार पडल्यावर तटाच्या कडेने चाललो होतो. पाऊस नुकताच सरला होता, गवत गुडघ्याएवढे होते आणि जांभ्याच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यातून करवत घासल्यासारखा खर्रखर्र आवाज आला. बॅटरी वळवली तर वीतभर लांबीचे फुरसे, म्हणजे विषारी साप, वेटोळे घालून अंगाला अंग घासत होते आणि पुढच्या मुलाची चप्पल त्याच्यापासून दोन हातांवर होती. त्या रात्री भूत कुणालाच आठवले नाही. पायात बूट, प्रत्येकाच्या हाती बॅटरी आणि पायवाट सोडायची नाही, एवढे नियम घालूनच मुलांना न्या.

दुसरे असे की दिवाळी म्हणजे अमावास्या. त्या दिवसांत उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, तर संध्याकाळी ओहोटीने किल्ल्याखालचे खडक पार उघडे पडतात. मुले मोहाने खाली उतरतात आणि गप्पांत दोन-तीन तास गेले की पाणी मागून चढत येते. भगवतीच्या देवळापाशी बसावे, खडकांवर मुळीच उतरू नये.

उत्तर ३ (मूळ गाव राजापूर तालुक्यात, सध्या रत्नागिरी)

ताई, मनोरुग्णालयाचा रस्ता कृपया वगळा. तिथे आजही माणसे उपचार घेत आहेत. माझी सख्खी मावशी तिथे काही महिने राहून बरी होऊन घरी आली. त्या भिंतीकडे बोट दाखवून कुणी मुलांना घाबरवले, तर माझ्यासारख्या घरांतल्या माणसांच्या जिव्हारी लागते.

भुताच्या गोष्टींबाबत मात्र माझे मत सरांहून थोडे वेगळे आहे. त्या सांगाव्यात, पण घरी, पडवीत, आजी सांगत असे तशाच सांगाव्यात. आमच्या गावात राखणदाराचे, म्हणजे गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तीचे, नाव भीती घालण्यासाठी घेत नाहीत. रात्री-अपरात्री सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, जाताना त्याला हाक मारतात आणि वर्षाला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. हे मुलांना समजले, तर काळोखाशी कोकणी माणसाचे नाते काय आहे तेही समजेल.

समुद्राचा काळोखही विसरू नका. रस्ते नव्हते तेव्हा आपली माणसे आगबोटीने मुंबईला जात-येत असत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. माझी आजी त्यानंतर कुणीही प्रवासाला निघाले की बोट धक्क्याला लागल्याची तार येईपर्यंत जेवत नसे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मनोरुग्णालयाचा विचार मी करायलाच नको होता. तो रस्ता वगळला आहे. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तीन वाजता वाडा, मग थिबा पॉइंट आणि दिवेलागणीला समाधी, असे ठरवते. रत्नदुर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात करू. रात्री पडवीत वीज बंद करून रामदास बोटीची हकिकत आणि आजीचा मुंजा. समाधीवर वाहायला आमच्या आगरातली अनंताची फुले न्यावीत असे मनात आहे. तिथे फुले वाहू देतात ना, एवढे सरांनी सांगावे.

उत्तर १

वाहू देतात. सोबत थोडे पाणी न्या, पाने आणि धूळ साठलेली असते. मुलांकडून आधी तेवढी जागा झाडून घ्या.