पहिल्या वर्षाची ओफ्रेन्दा: पांढरी की रंगीत?

कोयोआकानची सून (११ ऑक्टोबर)

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे मेक्सिको शहरात राहते. माझे यजमान इथलेच आहेत. ‘दिया दे मुएर्तोस’, म्हणजे गेलेली माणसे घरी भेटीला येतात असे मानतात त्या सणाच्या दिवसांत, १ आणि २ नोव्हेंबरला, आमच्या दिवाणखान्यात दरवर्षी ओफ्रेन्दा, अर्थात घरातल्या गेलेल्या माणसांसाठीची वेदी, मांडली जाते. आजवर ती सासूबाई मांडत असत आणि फुलांच्या पाकळ्या खुडून देण्यापलीकडे माझा हात तिला लागत नसे. मार्चमध्ये सासूबाई गेल्या. त्यामुळे जिला विचारून सगळे करायचे, तिचाच फोटो या वर्षी वेदीवर ठेवायचा आहे.

खरी अडचण रंगाची आहे. सासूबाईंचे माहेर पुएब्ला राज्यातल्या वाकेचूला गावचे. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या मावससासूबाई, अजून तिथेच असतात आणि त्यांचे म्हणणे असे की मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षी वेदी पूर्ण पांढरीच असली पाहिजे, अगदी वरपासून खालपर्यंत साटीनची. यजमानांना ते पटत नाही, कारण त्यांच्या आईने या घरात चाळीस वर्षे नारिंगी, जांभळ्या आणि भडक गुलाबी रंगांची वेदी मांडली होती आणि त्यांच्या मते पांढरी वेदी पाहून ती स्वतःच्या घराचा दरवाजाही ओळखणार नाही. दोघांनाही दुखवायचे नाही. शास्त्र म्हणून नेमके काय आहे, किती थर लागतात आणि जागा फक्त सव्वा मीटर रुंदीची असताना काय वगळले तर चालते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

अत्लिस्कोकर (११ ऑक्टोबर)

आपल्या मावससासूबाई चुकीचे सांगत नाहीत, परंतु त्या सांगतात ती रीत त्यांच्या परिसराची आहे, सगळ्या मेक्सिकोची नाही. मी वाकेचूलापासून जवळच राहतो आणि दरवर्षी तिथल्या वेद्या पाहायला जातो. ज्या घरात मागच्या नोव्हेंबरनंतर कोणी गेलेले असते, ते घर छतापर्यंत पोहोचणारी, थरांवर थर चढवलेली वेदी उभारते. तिचा प्रत्येक थर चुण्या पाडलेल्या पांढऱ्या साटीनने मढवलेला असतो, कडेला देवदूतांच्या आणि रडणाऱ्या बालकांच्या छोट्या मूर्ती असतात, आणि फोटो सरळ न दाखवता आरशातल्या प्रतिबिंबातून दिसेल असा ठेवतात, कारण गेलेला माणूस आता आपल्याला थेट दिसणार नाही. दारे उघडी असतात आणि अनोळखी माणसालाही जेवूनच परत पाठवतात. हा त्या गावाचा फार जुना आणि फार देखणा प्रकार आहे. त्यासाठी गावातले कसबी लोक बोलावले जातात, आणि खर्च तर इतका होतो की कुटुंबे वर्षभर बाजूला पैसे टाकत असतात.

राजधानीतल्या घरांत मात्र रंगीत वेदीच रूढ आहे आणि पहिल्या वर्षी तिने पांढरे व्हावे असा तिथे सर्वमान्य नियम नाही. थरांचेही तसेच. दोन थर म्हणजे आकाश आणि पृथ्वी, तीन म्हणजे त्यात पाताळ किंवा पापक्षालनाची जागा आली, सात म्हणजे आत्म्याच्या प्रवासाचे सात टप्पे, असे शाळांतून शिकवले जाते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत एक टेबल, त्याच्यावर फळांचे दोन रिकामे लाकडी खोके आणि वर कापड, एवढ्यावर भागते. सव्वा मीटरमध्ये तीन पायऱ्या आरामात बसतील.

वगळू नये अशा वस्तू माझ्या मते चारच आहेत. पेलाभर पाणी, कारण लांबून आलेल्याला तहान लागलेली असते. बशीभर मीठ, जे प्रवासात आत्मा मलिन होऊ नये म्हणून ठेवतात. दिवे, म्हणजे काचेच्या पेल्यातल्या ‘वेलादोरा’ मेणबत्त्या, प्रत्येक नावाची एक आणि ज्यांची आठवण काढणारे कोणीच उरले नाही त्यांच्यासाठी एक जास्तीची. आणि वास, झेंडूचा व कोपाल या डिंकासारख्या राळेच्या धुराचा. उरलेले, म्हणजे ऊस, साखरेच्या कवट्या, कमान, सोयीनुसार. खाण्याचे पदार्थ मात्र पुस्तकातून उचलू नका. त्या माणसाला मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, आवडत नसेल, तर यादीत आहे म्हणून मोले ठेवण्यात काय अर्थ आहे?

कागद-कात्री (१२ ऑक्टोबर)

रंगांविषयी थोडी भर घालतो, कारण माझा या वस्तूंशी रोजचा संबंध येतो.

वेदीवर दिसणारे नक्षीचे पातळ कागद, ‘पापेल पिकादो’, पुएब्लातल्याच सान साल्वादोर उइश्कोलोत्ला या गावात मोठ्या प्रमाणावर बनतात. कात्रीने नव्हे, तर पन्नासेक कागदांची चळत एकाखाली एक ठेवून, वरच्या नमुन्याप्रमाणे छिन्नी आणि हातोडीने ते कापतात. अशा कापलेल्या चळतीतून एकेक कागद सुटा करताना इतका हलका हात लागतो की नवशिक्याकडून पहिले चार-पाच फाटतातच. हे कागद वेदीवर वाऱ्याचे प्रतीक मानले जातात: कागद हलला की कोणी तरी आले असे म्हणतात. जांभळा शोकाचा, नारिंगी उजेडाचा, पांढरा निष्पापपणाचा आणि म्हणून विशेषतः लहान मुलांचा, गुलाबी आनंदाचा, असे अर्थ सांगितले जातात. परंतु मी घरोघरी पाहिलेल्या वेद्यांत लोक जो रंग त्या माणसाच्या अंगावर शोभायचा, तो आधी लावतात.

नारिंगीचा हट्ट मात्र सोडू नये. ‘सेम्पासुचिल’ म्हणजे आपला झेंडूच, आणि तो मूळचा इथलाच आहे; तोरणांत ओवताना ही गोष्ट आपल्या ध्यानीमनीही नसते. नाव नाहुआत्ल या इथल्या मूळ भाषेतल्या ‘सेम्पोहुआल्ली’, म्हणजे वीस, आणि ‘शोचित्ल’, म्हणजे फूल, या शब्दांवरून आले आहे. दारापासून वेदीपर्यंत त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, कारण आत्मा रंगाने आणि वासाने वाट शोधतो अशी श्रद्धा आहे. त्यामुळे वेदी कोणत्याही रंगाची असो, वाट नारिंगीच असते. शक्य असल्यास मेर्कादो हामाइकाच्या फूलबाजारातून लांब देठांच्या जुड्या घ्याव्यात. कुंडीतली बुटकी संकरित रोपे दिसायला नीटस असतात, पण मला तरी त्यांचा वास जुन्या वाणाच्या मानाने बेताचाच वाटतो, आणि इथे कामच वासाचे आहे. जोडीला कोंबड्याच्या तुऱ्यासारखी गर्द किरमिजी फुले घ्यावीत. नारिंगीजवळ ती ठेवली की दोन्ही रंग उठून दिसतात.

दोन मांजरांची मालकीण (१२ ऑक्टोबर)

आमच्या घरी मागच्या वर्षी जळता जळता वाचले, म्हणून लिहिते. कागद वेलादोराच्या वर कधीही टांगू नका. तो मागच्या भिंतीवर लावा. दिवे धातूच्या ताटात वाळू घालून त्यात ठेवा, झोपताना विझवा, आणि कोपाल निखाऱ्यावर जाळत असाल तर खिडकी उघडी ठेवा. आत्मे रागावत नाहीत.

कोयोआकानची सून (१३ ऑक्टोबर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका राहिल्या. सासूबाईंचा एकटीचा चांगला फोटो घरात नाही. जो आहे त्यात त्या आणि माझी नणंद शेजारी शेजारी बसलेल्या आहेत आणि दोघी हसत आहेत. तो ठेवता येईल का? आणि नैवेद्य म्हणून साखर न घातलेली कॉफी व कालचा पाव चालेल का? सासूबाई सकाळी तेवढेच घेत असत, पण मांडलेल्या वेदीवर ते फार दरिद्री दिसेल अशी भीती वाटते.

अत्लिस्कोकर (१३ ऑक्टोबर)

नणंदबाई हयात असल्यास तो फोटो तसाच ठेवू नये. जिवंत माणसाचा फोटो वेदीवर असणे अशुभ मानतात, आणि ज्यांचा यावर विश्वास नाही त्यांनाही पाहुण्यांच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता सोसावी लागते. मूळ फोटो कापू नका; त्याची प्रत काढून, सासूबाईंपुरती कापून चौकटीत बसवा. फोटोच्या कडेला नणंदबाईंचा खांदा दिसत राहिला तर त्यावर एक फूल ठेवावे, तसे करणारे लोक मी पाहिले आहेत.

कॉफी आणि पाव अवश्य ठेवा. कॉफी त्यांच्याच कपात ठेवा, आणि १ तारखेच्या दुपारी गरम करून ठेवा. वाफ उठली पाहिजे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री लहान मुलांचे आत्मे येतात, मोठी माणसे त्यांच्यानंतर, १ तारखेच्या दुपारपासून येऊ लागतात आणि २ तारखेला त्यांना निरोप देतात, असा सर्वसाधारण क्रम आहे. गावागणिक तासांत फरक पडतो. शेजारी ‘पान दे मुएर्तो’ असू द्या: वर हाडांसारख्या पट्ट्या आणि मध्ये कवटीची गोळी असलेला हा गोडसर पाव संत्र्याच्या मोहराच्या अर्काने घमघमतो. त्याच्याजवळ कालचा साधा पाव दरिद्री दिसणार नाही, उलट घरातले लोक आधी त्याच्याकडे पाहतील.

पांढऱ्या-रंगीताच्या वादावर माझी सूचना अशी: सर्वांत वरची पायरी मावससासूबाईंना मांडू द्या. साटीन, आरसा, देवदूत, जे त्यांना हवे ते. खालच्या दोन पायऱ्या घराच्या रीतीने. एकाच वेदीवर माहेर आणि सासर असण्यात मला काही गैर दिसत नाही. फक्त एक काळजी घ्यावी: झेंडूच्या ओल्या पाकळ्या पांढऱ्या कापडावर पडल्या की पिवळा डाग पडतो, आणि तो सहजासहजी निघत नाही. फुले कापडाच्या वर न ठेवता पाण्याच्या डब्यांत घालून खाली ठेवावीत.

कागद-कात्री (१३ ऑक्टोबर)

या तडजोडीशी मी पूर्ण सहमत नाही. आरशात फोटो दाखवायचा असेल तर त्याच्या समोर भडक कागद असू नये, नाही तर आरशात माणूस कमी आणि कागद जास्त दिसतो. वरच्या पायरीसमोरची जागा मोकळी सोडली, तरच हे जमेल. आधी एकदा रिकामी मांडणी करून, खुर्चीवर बसून पाहावे. बरेच दोष उभे राहून दिसत नाहीत.

कोयोआकानची सून (४ नोव्हेंबर)

वेदी काल उतरवली. आपण सर्वांनी मदत केली, म्हणून वृत्तांत लिहिते.

मावशी ३१ तारखेला सकाळीच साटीनचे गाठोडे घेऊन आल्या. खालच्या पायऱ्यांवरचा जांभळा आणि गुलाबी कागद पाहून बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नंतर वरची पायरी मांडायला त्यांना दोन तास लागले, कारण प्रत्येक चुणी त्या टाचणीने लावीत होत्या आणि पुन्हा काढीत होत्या. कागद-कात्री यांचे म्हणणे खरे निघाले: आरशात पहिल्यांदा फक्त गुलाबी कागदच दिसत होता. आम्ही दोन कागद काढले, फोटो बोटभर डावीकडे सरकवला आणि मग खुर्चीवर बसल्यावर सासूबाई दिसू लागल्या. नणंदबाईंच्या खांद्यावर फूल ठेवले आहे, हे नणंदबाईंनीच आधी ओळखले आणि त्या खूप हसल्या.

कॉफी कडा उडालेल्या निळ्या कपात ठेवली. तो कप मी दोन वेळा फेकायला काढला होता आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी तो मुकाट्याने परत फडताळात ठेवला होता, हे मावशींना सांगितल्यावर त्यांनी तो उचलून कालच्या पावाच्या आणखी जवळ ठेवला. २ तारखेला संध्याकाळी घरातल्या सर्वांनी वेदीवरचे खाल्ले. पदार्थांची चव आत्मे घेऊन जातात म्हणतात; पावाला चव राहिली नव्हती असे यजमानांचे ठाम मत आहे, मला मात्र तो नुसता शिळा लागला.

इतकी सूचना मिळूनही डाग पडलाच. एक डबा कलंडला आणि साटीनच्या पुढच्या कडेवर तळहाताएवढा पिवळा पट्टा उमटला. काल ते कापड मी धुवायला घेतले, तर मावशींनी माझ्या हातून काढून घेतले, डागासकट घडी घातली आणि पिशवीत ठेवीत म्हणाल्या की धुवू नकोस, माझ्या वेळी तुला हेच लागेल, उगाच नव्याचा खर्च कशाला.