सोसायटीचा टर्फ (फुटबॉल) ग्रुप: रविवारी मुलांना कोणती मॅच दाखवायची

बी-४०२: अमेरिका-मेक्सिको फायनल करा. कॉन्काकॅफ (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनची फुटबॉल संघटना) नेशन्स लीग, ६ जून २०२१, डेन्व्हर. एक्स्ट्रा टाइममध्ये अमेरिका ३-२. अख्खी लावू नका, पोरं पेंगतील. पहिली दोन मिनिटं, मग २४ ते २७, ७८ ते ८२ आणि ११० च्या पुढचं सगळं.

सी-१०१: काका, पहिली दोनच का?

बी-४०२: कारण अमेरिकेने ६३ सेकंदांत गोल खाल्लाय. मॅकेन्झी, त्यांचा २२ वर्षांचा सेंटर बॅक (मधला डिफेंडर). स्वतःच्या बॉक्समध्ये दिलेला पास थेट मेक्सिकोच्या कोरोनाला. (२०२१ साल आणि खेळाडूचं आडनाव कोरोना 😅)

ए-७०३: इथे व्हिडिओ थांबवून दाखवा. अंगावर माणूस आला की गोलसमोरून पास द्यायचा नाही. अडवला गेला तर मध्ये फक्त कीपर उरतो. टचलाइनकडे मारा. थ्रो-इन गेला तर गेला, परवडतो. आणि बॉल पायात येण्याआधी मान वळवून बघायचं, आल्यावर नाही. आपल्या अंडर-१४ मधली निम्मी मुलं बॉलकडेच बघत बसतात.

डी-२०५: टँकर आला का?

बी-४०२: दादा, मेन ग्रुपवर 🙏

सी-१०१: २४ ला काय आहे?

बी-४०२: मेक्सिकोच्या मोरेनोचा हेडर गोलमध्ये, पण व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीने) ऑफसाइड दिला, म्हणजे बॉल मारला तेव्हा तो बॉलच्या आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढे होता. नाहीतर ०-२ आणि विषय संपला होता. तीनच मिनिटांत अमेरिकेला कॉर्नर, मॅकेनीचा हेडर पोस्टला लागून परत आला, १८ वर्षांच्या रेनाने आत ढकलला. १-१.

ए-७०३: मुलं इथे हमखास गोंधळतात. कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. पण आपल्याच माणसाने हेडर मारला, की त्या क्षणी कोण कुठे उभा होता ते मोजलं जातं. बॉल पोस्टला लागून आला म्हणून पाटी कोरी होत नाही. रिबाउंडला एकजण गोलपासून पाच-सहा यार्डांवर हवाच, फक्त बॉलच्या पुढे पळायचं नाही.

सी-१०१: आणि ८२ ला परत कॉर्नरच ना? कॉर्नर रेनाचा, हेडर मॅकेनीचाच.

बी-४०२: हो ताई. एकदा पोस्टवर वाचल्यावरही मेक्सिकोने त्याला मोकळं सोडलं, याला काय म्हणायचं! त्याआधी ७८ ला मेक्सिकोचा लाइनेझ मैदानात आला आणि ७९ ला गोल. डावखुरा पोरगा उजव्या बाजूने आत वळला. अशाला बाहेरच्या बाजूला रेटायचं असतं, यांनी आत येऊ दिलं.

ई-६०१: मधला कीपरचा बदल वगळू नका. ६९ ला अमेरिकेचा कीपर स्टेफनचा गुडघा गेला, कुणी धक्कासुद्धा दिला नव्हता. आत आला हॉर्वथ. डेन्व्हरजवळच्या हायलँड्स रँचचा पोरगा, घरचं मैदान, पण क्लबमध्ये तेव्हा बहुतेक वेळ बाकावरच. आपला दुसरा कीपर मात्र हाफटाइमला समोसा खात असतो. त्याला दर पंधरा मिनिटांनी उठवून दहा कॅच द्या.

ए-७०३: शिवाय डेन्व्हर १६०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर १२० मिनिटं पळायचं.

सी-१०१: पेनल्टी दोन झाल्या ना?

बी-४०२: अमेरिकेच्या पुलिसिकची ११४ ला, त्यालाच पाडलं होतं. समोर मेक्सिकोचा कीपर ओचोआ, ३५ वर्षांचा. बॉल वरच्या कोपऱ्यात. मुलांना हे शिकवू नका, दहातले पाच आपल्या जाळीवरून पार्किंगमध्ये जातील. मग शर्ट काढला, यलो कार्ड. गोल नंतर रद्द झाला तरी तो यलो राहतो, हे जरूर सांगा. जल्लोषात रेनाच्या तोंडावर प्रेक्षकांतून काहीतरी फेकलं गेलं. लाज वाटावी असा प्रकार.

ई-६०१: दुसरी मेक्सिकोची. हँडबॉल परत त्या मॅकेन्झीचाच 🤦 रेफ्री स्क्रीन बघत असताना मेक्सिकोचा कोच मार्टिनोने त्यांच्या अंगाला हात लावला, रेड कार्ड.

बी-४०२: मारायला ग्वार्दादो, ३४ वर्षांचा, डावखुरा. हॉर्वथ स्वतःच्या उजवीकडे झेपावला आणि १२४ व्या मिनिटाला बॉल बाहेर काढला. इथे स्लो मोशन लावा आणि त्याचे पाय दाखवा. किक बसेपर्यंत निदान एक पाऊल गोललाइनवर किंवा तिच्या मागे लागतं. आपले कीपर आधीच दोन पावलं पुढे येतात, मग वाचवलेली पेनल्टी पुन्हा मारली जाते.

ई-६०१: आणि हा शूटआउट (बरोबरी सोडवायला मॅचनंतर मारतात त्या पेनल्टी) नव्हता. मॅच चालू असतानाच्या पेनल्टीत कीपरने अडवलेला बॉल मैदानातच राहिला तर खेळ चालू. डिफेंडर्सनी बॉक्सच्या कडेला धावायच्या तयारीत उभं राहायचं, कमरेवर हात ठेवून नाही.

सी-१०१: ठरलं. रविवारी ७ ला क्लबहाऊस. प्रोजेक्टर आहे, एचडीएमआय वायर कुणाकडे?

डी-२०५: माझ्याकडे, ५ मीटरची. टँकरचं कुणी सांगेल का आता?