मागचं गवत आणि शेळ्या (सोसायटी ग्रुप, रविवार)

बी-२०४: मंडळी, आज सकाळी मागच्या कंपाउंडपाशी पुन्हा घोणस निघाली. वॉचमनच्या खोलीपासून दहा पावलांवर. सर्पमित्र येऊन घेऊन गेले, पण गवत कमरेएवढं झालंय आणि पोरांचा बॉल तिथेच जातो. कमिटी कशाची वाट बघतेय?

सेक्रेटरी: वहिनी, गवत काढायचं कोटेशन गेल्या वर्षीच्या दुप्पट आलंय. खर्च कोणी अडवला ते मिनिट्समध्ये आहे 🙏

ए-५०१: मिनिट्समध्ये पेंटिंगचंही बरंच काही आहे.

सेक्रेटरी: इथे पेंटिंग नको.

सी-४०२: औषध मारा, आठवड्यात साफ.

ए-३०१: तणनाशक नको. गेल्या वर्षी माझी बहाव्याची तीन रोपं त्यातच गेली. दोन वर्षं बादलीने पाणी घातलं होतं मी.

बी-६०२: शेळ्या आणूया? मनापासून सांगतोय. गूगलने २००९ मध्ये त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या ऑफिसचं रान साफ करायला सुमारे २०० शेळ्या आणल्या होत्या. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड पार्कमध्ये २०१९ ला दोन डझन सोडल्या. उतारावर मशीन चालत नाही, शेळी चालते. आपला नाल्याकडचा भाग तसाच आहे.

सी-२०३: म्हणजे नंतर रविवारी मटण पक्कं 😄

ए-१०२: ग्रुपवर हे विषय नकोत. एकदा सांगितलंय.

सी-२०३: गंमत होती काकू.

ए-१०२: शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. मला नाही आवडत अशी गंमत.

ए-३०१: नवीन रोपांचं काय? शेळी आधी बहावाच खाणार.

सी-४०२: आणि लेंड्या? पार्किंगपर्यंत वास येईल.

सी-१०१: मी संगमनेरकडचा, लहानपणी शेळ्या राखल्यात. दिवाळीनंतर धनगर कोकणाकडे उतरतात, तेव्हा शेतकरी रानात मेंढ्या बसवायला धान्य देतो, पैसे मोजतो. कशासाठी? लेंडीखतासाठी. आपण त्यालाच नाक मुरडतोय.

सी-४०२: शेत वेगळं, सोसायटी वेगळी.

ए-३०१: पुन्हा विचारतो, रोपांचं काय?

सी-१०१: नाना, तुमचं बरोबर आहे. शेळी आधी पाल्यावर जाते. मागच्या दोन पायांवर उभी राहते, पुढचे खोडाला टेकवते आणि मान ताणून शेंडा ओरबाडते. गवताला तोंड लावते ते नंतर. नुसतं गवत असतं तर मी मेंढ्या म्हटलं असतं. आपल्याकडे निम्मं सुबाभळीचं रान माजलंय, तो पाला शेळीला फार आवडतो. पण रोपांना जाळी हवीच, छातीएवढी उंच.

बी-२०४: टेकडीवर वनखातं चराई करू देत नाही ना?

सी-१०१: तिथे झाडं वाढवायचीत, इथे झुडपं हटवायचीत. आणि मोकाट सोडायच्या नाहीत. राखणारा सोबत हवा.

बी-६०२: गाजरगवत खातील?

सी-१०१: फारसं नाही, आणि जास्त खाल्लं तर बाधतं. ते फुलोऱ्याआधी मुळासकट उपटायचं. पण माझी खरी काळजी कण्हेरीची आहे. कुंपणाला ओळीने लावलीय. थोडा पाला पोटात गेला तरी शेळी दगावते, आणि वाळलेला पालाही तितकाच विषारी. घाणेरीनेही यकृत जातं. हे दोन्ही निघाल्याशिवाय एकही जनावर आत नको. परक्याचं जनावर आपल्या हलगर्जीपणाने मेलं तर मला झोप लागणार नाही.

सेक्रेटरी: आजोबा, कण्हेर ए विंगने वर्गणी काढून लावलीय.

ए-५०१: आम्हाला न विचारता हात लावायचा नाही.

ए-१०२: अहो, मी पण ए विंगचीच. काढा. देवाला फुलं मी बाहेरून आणीन.

ए-५०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

सी-१०१: सेक्रेटरीसाहेब, यंदा फवारणी झालीय का? खरं सांगा.

सेक्रेटरी: नाल्याच्या कडेला, जूनमध्ये. डबा ठेवलाय, नाव बघून सांगतो.

सी-१०१: फोटो पाठवा. पशुवैद्यांना दाखवून मगच ठरवू.

ए-३०१: जाळी कोण आणणार?

बी-६०२: नाना, मी आणतो. तुम्ही फक्त रोपं दाखवा.

ए-३०१: सात आहेत. एक गवतात दडलंय, ते मलाच सापडेल.

सेक्रेटरी: पुढच्या रविवारी सकाळी सातला कण्हेर काढायला कोण येणार?

सी-२०३: मी. कोयता आहे माझ्याकडे.

सी-१०१: हातमोजे घाला. तोडलेलं तिथे जाळू नका, धूरही वाईट. आणि आधी काठी आपटत पुढे व्हा, आत अजून एखादा साप असू शकतो.

बी-२०४: मी चहा आणते. पोरांना तोवर खाली सोडत नाही.