आवाज बसत चालला आहे, शिकवणे थांबवता येत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. मी कुर्ल्यातील एका शाळेत गेली 19 वर्षे पाचवी ते सातवीच्या वर्गांना मराठी शिकवते. वर्गाच्या खिडक्या रेल्वे रुळांच्या बाजूला उघडतात आणि मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे नेमके तेच जलद लोकलखाली सापडते, मग मागच्या बाकावरून "बाई, काय केलं त्याने?" असा प्रश्न येतो आणि मी तेच वाक्य वरच्या पट्टीत पुन्हा म्हणते. दिवसाच्या आठ तासिकांपैकी सहा माझ्याच असतात.

दिवाळीनंतर आवाज गुरुवारपासून घोगरा होऊ लागला; रविवारी तो सुटत असे, आता रविवारीही सुटत नाही. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद घातलेले दूध, मिठाच्या गुळण्या, सारे करून झाले. (गुळण्यांचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही, पोहोचले तर ठसका लागेल, ही साधी गोष्ट मला डॉक्टरांनी सांगावी लागली.) कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी दिसल्या. बाईमाणसाच्या बोलण्यात हे तंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात आणि ओरडून बोलले की अधिक जोराने आपटतात, त्यामुळे कुदळ धरणाऱ्या हाताला पडतात तसे घट्टे तेथे पडतात, असे त्यांनी समजावले. शस्त्रक्रियेची घाई नको, आधी आवाजाचे व्यायाम शिकून घ्या, घोट घोट पाणी पीत राहा आणि खाकरणे बंद करा, असा त्यांचा सल्ला आहे. जोर लावून कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो म्हणे. मी मात्र महिनाभर आवाजाला विश्रांती म्हणून तेच करत होते!

वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग या वाचा व श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत आवाजाचे उपचार कोणी घेतले असल्यास किती वेळा जावे लागले आणि दुपारनंतरची वेळ मिळते का, हे कृपया कळवावे. पेल्यातील पाण्यात नळी बुडवून, बुडबुडे काढत हुंकार भरण्याचा व्यायाम मला दाखवला आहे. शिक्षकांच्या खोलीत तो करताना हसू होते, ते असो, पण त्याने फरक जाणवायला आपल्याला किती आठवडे लागले?

दुसरा प्रश्न कमरेला बांधायच्या ध्वनिवर्धकाचा आहे. आमच्या दोन वर्गांमध्ये केवळ लाकडी पार्टिशन असल्याने शेजारच्या बाईंना त्रास होईल अशी धास्ती वाटते. ज्यांनी असे यंत्र रोज वापरले आहे, त्यांनी ते किती आवाजावर ठेवले आणि शिट्टी वाजू नये म्हणून माइक कोठे लावला, हे सविस्तर सांगितल्यास मे महिन्याच्या सुट्टीत खरेदी करता येईल.

कविता चालीवर म्हणून दाखवणे मी अजून सोडलेले नाही. तेही सोडावे लागेल का?