डेलावेअर ओलांडल्याची गोष्ट सांगितली की पोरं देशभक्त होतात?

शंकेखोर: 'सनावळ्या फेका, वॉशिंग्टनने डेलावेअर ओलांडल्याची गोष्ट रंगवून सांगा, पोरं आपोआप देशभक्त होतील,' असं काल इथे कुणीतरी ठणकावलंय. आपोआप? अमेरिकेचं इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चाललं होतं. २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनला ट्रेंटन गावावर छापा घालायला डेलावेअर नदी तीन ठिकाणी ओलांडायची होती. त्याच्या हाताखालच्या यूइंगची तुकडी पार झालीच नाही. दुसऱ्या सरदाराची, कॅडवालेडरची माणसं पार गेली, पण काठाच्या बर्फामुळे तोफा उतरेनात, म्हणून माघारी आली. उरले वॉशिंग्टनचे २४०० शिपाई आणि १८ तोफा. मध्यरात्रीपर्यंत सगळे पलीकडे हवे होते, पहाटेचे तीन वाजले. पुढे ट्रेंटन नऊ मैल. अंधारात गाठायचं ते आठला, उजेडात गाठलं. तरी साधलं, कारण त्या रात्रीच्या वादळामुळे ट्रेंटनमधल्या हेसियनांनी, म्हणजे इंग्रजांच्या भाडोत्री जर्मन शिपायांनी, पहाटेची गस्त रद्द केली होती. रंगवणारे हे सगळं गाळतात आणि होडीत उभा सेनापती तेवढा ठेवतात. त्या प्रसिद्ध चित्रातला झेंडासुद्धा जून १७७७ मध्ये ठरलेला! अशाने देशभक्ती नाही, दैवभक्ती येते.

कथेकरी: मग गाळू नका ना! फळ्यावर नदी काढा, तिन्ही जागा दाखवा, फसलेल्या दोन आधी. मग ३१ डिसेंबरवर थांबा. त्या दिवशी बहुतेकांची नोकरीची मुदत संपत होती. आणखी सहा आठवडे राहिलात तर दहा डॉलर, असं वॉशिंग्टन म्हणाला आणि पहिल्या हाकेला कुणी हललं नाही. इथे विचारा, तुम्ही थांबला असतात का? सनावळीच्या तक्त्यावरून हा प्रश्न विचारून दाखवाच.

शंकेखोर: म्हणजे दहा डॉलरची देशभक्ती.

कथेकरी: टोमणे मारण्याआधी जानेवारी १७८१ बघा. पगार थकलेला, तीन वर्षं भरली तरी सुटका नाही, म्हणून वॉशिंग्टनच्याच फौजेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं. इंग्रज सेनापती क्लिंटनने लगेच दोन माणसं धाडली: आमच्याकडे या, थकबाकी आम्ही देतो. बंडवाल्यांनी त्या दोघांना धरून दिलं, दोघे हेर म्हणून फासावर गेले. वर बक्षीस देऊ केलं तेही नाकारलं. सरकारशी भांडणं वेगळं आणि शत्रूला मिळणं वेगळं, हे नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात इतकं स्वच्छ कळतं?

शंकेखोर: त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या पलटणी बंडाला उठल्या. त्यांचे दोन म्होरके गोळ्या घालून मारले, आणि बंदुका दिल्या त्यांच्याच बारा साथीदारांच्या हातात. हेही सांगणार पाचवीला?

कथेकरी: आठवीला सांगेन.

वडगावकर: अमेरिकेचं कौतुक पुरे. १७७७ मध्ये फ्रेंच वकील सेंट लुबिन पुण्याला आला, नाना फडणवीसांनी त्याची बडदास्त ठेवली, तेव्हापासून मुंबईकर इंग्रज बिथरले होते. फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरल्यावर तर धाबंच दणाणलं. मराठ्यांनी इंग्रजांना नमवलं ते वडगाव हे त्याच युद्धाचं आपल्याकडचं टोक!

तोफखाना: दमानं घ्या. इंग्रजांचा राघोबादादांशी झालेला सुरतेचा तह १७७५ चा, लुबिनच्या दोन वर्षं आधीचा. इंग्रजांना हाव होती साष्टी-वसईची, आणि पेशवाई मागणारे राघोबादादा आयते सापडले. लुबिन निमित्त.

वडगावकर: निमित्त काय निमित्त! सुमारे १९,००० बैलांचं लटांबर घेऊन इंग्रज पुण्यावर निघाले, बोरघाट चढले, रोजची चाल जेमतेम मैलभर. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यात त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आपला इष्टुर फाकडा, पडला. तळेगाव गाठलं तर गाव आधीच जाळलेलं, दाणा नाही, वैरण नाही. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून मागे फिरले, १६ ला वडगावात तहावर सही. आमच्या अंगणातली गोष्ट सोडून पोरांना डेलावेअर शिकवा!

तोफखाना: आणि पुढचं? कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने तो तह मानलाच नाही, त्याचा सेनापती गॉडर्ड चालून आला, वसई गेली. ती सालबाईच्या तहात परत मिळाली, पण साष्टी कायमची इंग्रजांकडे राहिली. तुमची गोष्ट वडगावलाच थांबते, जशी त्यांची ट्रेंटनला.

शंकेखोर: मी वेगळं काय म्हणत होतो?

कथेकरी: तुम्ही गोष्टच नको म्हणत होतात. यांनी ती पुढे नेली.

शंकेखोर: बरं, सांगा बाबा. इंग्रज शरण आले त्या यॉर्कटाउनला आलात की फ्रेंच दर्यासारंग द ग्रासचं आरमार तेवढं विसरू नका. सप्टेंबर १७८१ मध्ये त्याने चेसापीक खाडीचं तोंड धरलं नसतं, तर तिथला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस समुद्रातून निसटला असता. परक्याच्या गलबतांवर आलेलं स्वातंत्र्य देशभक्तीत कसं बसवायचं, ते तुम्ही बघा. कथेकरी आहात.

वडगावकर: तोच कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला, आणि टिपूवर गेला तेव्हा त्याच्या जोडीला आपलेच मराठा सेनापती हरिपंत फडके. त्यावर बोला की कुणीतरी!

तोफखाना: वेगळा धागा काढा.